थोडक्यात लिहा

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

आठवेल ते, आठवेल तेव्हा लिहून ठेवा, असं तिकडच्या पोलीसबाई फोनवर म्हणाल्या. म्हणजे अंगदनं मला तसं सांगितलं. मला त्यांच्या बोलण्यातलं 'सन' आणि 'ओके' एवढंच कळलं. इंग्रजीत मला लिहिता येत नाही, म्हणून मराठीत लिहिते. बँकेनं दिलेली ही डायरी कोरीच पडली होती.

तर आठवेल ते. माझा मुलगा सत्यम, वय सव्वीस. इंग्लंडला शिकायला गेला, शिक्षण झालं, तिथंच एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात नोकरीला लागला. गेल्या गुरुवारी आमचं बोलणं झालं. त्यानंतर फोन बंद. व्हॉट्सॲपला एकच टिक.

आमचं पोरगं तसलं नाही. दिवसातून तीनदा बोलतो. तो उठला की इकडं दुपार झालेली असते, तेव्हा एकदा. त्याच्या जेवणाच्या सुट्टीत एकदा. आणि संध्याकाळी त्यानं भाजी टाकली की फोन किटलीला टेकवून ठेवायचा आणि मी इथून बघायची. तेल किती घातलं, मीठ किती घातलं. खोलीत कुणाचा आवाज आला की मी म्हणायची, कॅमेरा फिरव बरं, कोण आहे बघू दे. असं सगळं उघडं आहे आमचं. माय-लेकरात लपवाछपवी नाही. असं पोरगं न सांगता कुठं जाईल?

त्याच्या खोलीत राहणारा एक केरळचा मुलगा आहे, जोबिन. मागच्या दिवाळीत सत्यम आला होता तेव्हा तो आंघोळीला गेल्यावर मी त्याच्या फोनमधून जोबिनचा नंबर उतरवून घेतला होता. अडीनडीला असावा म्हणून. तोच कामी आला. जोबिन हिंदीत म्हणाला, "आंटी, वो शुक्रवार को बॅग लेकर निकल गया. रूम छोड़ दिया." मी विचारलं, कुणी नेलं त्याला? तर म्हणे, "कोई नहीं, खुद गया." मला तो पोरगा खोटं बोलतो असं वाटतं.

हे म्हणतात, "थांब जरा. यील फोन. कुकुलं लेकरू हाय का ते?"

ह्यांना काळीजच नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पोलिसांचा मेल आला. मुलाची सगळी माहिती द्या, आणि खाली लिहिलंय, थोडक्यात लिहा.

अंगद म्हणजे ह्यांच्या भावाचा मुलगा, वाळूजला कंपनीत आहे. त्यानं उभ्या उभ्या तीन ओळी टाकल्या. मुलगा हरवलाय, वय इतकं, उंची इतकी. मी म्हटलं, अरे, ही काय गाडी हरवलीय का? मग त्यानं मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपकडून लिहून घेतलं. वाचून मराठीत सांगितलं तेव्हा मला वाटलं, हे कुण्या दुसऱ्याच बाईचं पोरगं हरवलंय. "माझ्या हृदयाचा तुकडा" म्हणे. असं मी जन्मात कधी बोलले नाही.

शेवटी सत्यमचं दहावीचं गाइड काढलं. त्यात अर्ज कसे लिहावेत ते दिलंय. त्यातली वाक्यं घेऊन, डिक्शनरी बघून मी स्वतः लिहिलं. चार पानं झाली. अंगदनं फोटो काढून पाठवली. पाठवताना म्हणाला, "काकू, एवढं कुणी वाचत नाय."

वाचत नाही म्हणजे काय? आई लिहितेय.

१० फेब्रुवारी, सोमवार

पोलीसबाईंचा फोन आला. वॉर्ड आडनाव त्यांचं. मी एकटीच होते, पिकोच्या मशीनवर. त्या दोनदा, तीनदा तेच विचारत होत्या आणि मी "येस मॅडम, येस मॅडम" करत होते. फोन ठेवल्यावर कळलं की माझ्या पोराबद्दल त्यांनी काय विचारलं आणि मी कशाला हो म्हणाले, हेच मला ठाऊक नाही. तशीच जमिनीवर बसून राहिले. साडीला फॉल लावायला आलेली बाई दारातून परत गेली.

गल्लीत अजून कुणाला सांगितलं नाही. "सत्यम कसा आहे?" विचारतात. "मजेत," म्हणते. पुंडलिकनगरात त्याचं कौतुक मीच केलेलं आहे, दारोदार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

औरंगपुऱ्यात भांड्याच्या दुकानाच्या वर मंजुषा मॅडमचा इंग्रजीचा क्लास आहे. माझ्याकडं त्यांच्या साड्या येतात, तेवढीच ओळख. पन्नाशीच्या असतील. मोबाइलच्या दुकानातले सेल्समन, दवाखान्यातल्या नर्सा, लग्न ठरलेल्या मुली असे लोक त्यांच्याकडं शिकतात. मी गेले तेव्हा फळ्यावर डावीकडं लांबलचक वाक्यं होती आणि उजवीकडं प्रत्येकासमोर एकेकच शब्द. त्या पोरांना म्हणत होत्या, "दहा शब्द वापरले की दहा ठिकाणी चुकाल. एक वापरा, एकदाच चुकाल."

क्लास सुटल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. रडले. त्यांनी पाणी दिलं, पण समजूत काढली नाही. हे नीट करून पुन्हा पाठवू म्हणाल्या, माझी चार पानं घेतली आणि लाल पेन उघडलं.

"'आय बेग टू स्टेट दॅट.' बेग म्हणजे भीक मागणं, रत्नमालाताई. कशाला मागता? खोडा."

'ड्यू टू द फॅक्ट दॅट' खोडून 'बिकॉज' केलं. 'ॲट द प्रेझेंट मोमेंट' खोडून 'नाऊ'. 'ऑन अ डेली बेसिस' होतं तिथं 'डेली'. 'इन द इव्हेंट दॅट' होतं तिथं नुसतं 'इफ'. मी गाइडमधून केवढ्या कष्टानं उतरवलं होतं! बघता बघता एक पान गेलं. मला गंमत वाटली नाही, पण पंधरवड्यात पहिल्यांदा असं वाटलं की काहीतरी माझ्या हातात आहे.

मग एका वाक्यावर त्या थांबल्या. मी लिहिलं होतं, 'आईला विचारल्याशिवाय जो कुठलाही निर्णय घेत नाही असा तो मुलगा आहे.'

"ह्याला एक शब्द आहे. डिपेंडंट. टाकू का?"

"म्हणजे?"

"परावलंबी. दुसऱ्यावर अवलंबून असलेला."

"माझा मुलगा तसा नाही. तिकडं एकटा राहतो, कमावतो."

"मग हे वाक्यच काढा."

काढलं. पण मनातून गेलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज भांडण झालं.

'कुणालाही न सांगता तो आपल्या खोलीतून सामानासह नाहीसा झाला आहे,' असं माझं वाक्य. मंजुषाताईंनी उजवीकडं लिहिलं, 'लेफ्ट'.

मी म्हटलं, "हरवलाय तो. मिसिंग लिहा."

"बॅग घेऊन गेला ना? खोलीची किल्ली त्या मुलाकडं देऊन गेला, तुम्हीच सांगितलं. ह्याला गेला म्हणतात."

"तुम्हाला मूलबाळ आहे का?"

असं मी बोलायला नको होतं. त्यांना नाही हे मला माहीत होतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "तुमच्या मनासारखं लिहू. मिसिंग."

मेल गेला. एक पान सुद्धा भरलं नाही. रिक्षात बसले तरी कशाचा राग आला होता तेच कळेना.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सत्यमच्या मेलचा पासवर्ड माझ्याकडं आहे. त्यानंच ठेवलेला, माझं नाव आणि त्याचं जन्मसाल. तो तिकडं गेल्यापासून अधूनमधून मी उघडून बघायची, कंपनीचं काही महत्त्वाचं आलं का. त्याला माहीत नव्हतं, पण त्यात काय! आज उघडायला गेले तर उघडेना. पासवर्ड बदललाय.

म्हणजे जिवंत आहे! पहिल्यांदा हेच मनात आलं. मग आलं की ज्यानं त्याला नेलं त्यानंच बदलला असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

वॉर्ड मॅडमनी उलट विचारलंय. मित्र कोण? सुट्टीच्या दिवशी काय करतो? आवडी काय? मी मंजुषाताईंकडं लाजतच गेले. त्यांनी काहीच न झाल्यासारखी खुर्ची दिली.

आवडी काय, याच्यापुढं मी 'अभ्यास' लिहिलं. तोही आता संपलेला. मग मित्रांत जोबिन. पुढं सुचेना. त्याच्या उजव्या गुडघ्याखाली माझ्या माहेरच्या, देवगावच्या तारेच्या कुंपणानं लागलेली खूण केवढी, त्याच्या जाकिटाची चेन कुठं अडकते, हे मला ठाऊक आहे. पण मित्र?

जोबिनला फोन लावला. त्यानं चौथ्या वेळी उचलला. म्हणाला, "आंटी, प्लीज, मेरी ड्यूटी रहती है." मग विचारलं तसं त्यानं सांगितलं. सत्यम दर रविवारी पोहायला जायचा. तलावावर चारपाच जणांचा गट आहे, त्यांच्यात. वर्ष होत आलं.

रविवारी तो मला म्हणायचा, आज दुपारपर्यंत झोपणार आहे गं, फोन सायलेंटवर ठेवतो.

माझा धाकटा भाऊ देवगावच्या विहिरीत बुडून गेला. तेव्हापासून मी सत्यमला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. सातवीत शाळेची सहल धरणावर गेली, मी पाठवला नाही. अकरावीत त्याच्याकडून शपथ घेतली होती, पाण्यात उतरणार नाही म्हणून. माझ्या गळ्याला हात लावून.

मंजुषाताईंनी लिहिलं, स्विमिंग. एकच शब्द. मला तो मोठ्यानं वाचवेना.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अंगदनं आज मोबाइलवर एक बातमी दाखवली. दाखवायची नव्हती त्याला. चेहऱ्यावरून मी ओळखलं आणि फोन हिसकावला. सत्यम राहतो त्या गावाच्या कालव्यात एक प्रेत सापडलंय. पुरुष. वीस ते तीस. आपल्याकडचा दिसणारा. ओळख पटलेली नाही.

हात चालत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पोलिसांना खूण कळवायची होती. मंजुषाताई म्हणाल्या मी लिहिते, मी म्हटलं नाही, मी लिहिणार. 'लहानपणी लागलेली जखम भरून आल्यावर जी खूण राहिली आहे ती.' त्यांनी हळूच सांगितलं, "स्कार." मी लिहिलं. उजवा पाय, गुडघ्याखाली, बोटभर, वाकडी. हे लिहिताना तो पाय मी डोळ्यांपुढं आणला आणि तो ओला दिसला. पेन ठेवून बाहेर जिन्यात जाऊन बसले.

पोहायला शिकलेलाच बुडतो, असं माझी आई म्हणायची. ज्याला येत नाही तो काठावर थांबतो.

हे कंपनीतून लवकर आले. चिकलठाण्याला स्टोअरला आहेत, रजा कधी काढत नाहीत. आले आणि माझ्यासमोर बसले. चपला काढायचं सुद्धा सुचलं नव्हतं त्यांना. म्हणाले, "तुला एक सांगायचंय. वरडू नको."

जानेवारीत सत्यमनं त्यांना कंपनीत फोन केला होता. घरी नाही, माझ्या फोनवर नाही, कंपनीत.

"म्हणला, पप्पा, तुमी आईला न सांगता कदी काय केलंय का? मी म्हणलं, बिडी वढलीय एकदोनदा. हसला. लई हसला. मंग म्हणला, मी बी काहीतरी करावं म्हणतो."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणलं, कर बाबा. मला वाटलं बिडीचंच चाललंय."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यानं सांगू नका म्हणला व्हता."

अठ्ठावीस वर्षांचा संसार. माझ्या पाठीमागं माझ्याच घरात बोलणी चालतात आणि मला पत्ता नाही. मी ह्यांना नाही नाही ते बोलले. हे ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "अगं, पोरगं हसत व्हतं. तसं हसल्यालं लई वर्सांत ऐकलं नव्हतं. म्हणून ठिवलं मनात."

२२ फेब्रुवारी, शनिवार

पोलिसांनी अजून काही कळवलं नाही. चूल पेटवली नाही. शेजारणीनं डबा दिला. आता गल्लीला सगळं माहीत झालंय. यायला लागल्यात, बसतात, उसासे टाकतात. एकजण म्हणाली, "तिकडच्या पोरींचं काही असंल." दुसरी म्हणाली, "एवढं कुणी जीव लावतं का पोराला!" म्हणजे माझी माया सुद्धा आता चूक झाली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तो नाही. कालव्यातला तो सत्यम नाही. पायाला खूण नाही, आणि वय जास्त आहे.

देवापुढं बसले आणि त्या दुसऱ्याच्या आईसाठी रडायला पाहिजे असं वाटलं, पण रडू फक्त आनंदाचं येत होतं. माणूस असं असतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मंजुषाताईंकडं स्वतः गेले आणि म्हटलं, नवीन मेल लिहायचाय. ह्यांनी सांगितलं ते सगळं घाला. जानेवारीतला फोन, बॅग, किल्ली, बदललेला पासवर्ड. लाज गेली चुलीत. पोलिसांना खोटं वाटावं असं काही ठेवायचं नाही.

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "तुम्ही लिहा. मी फक्त बघते."

मी लिहिलं. पाच वाक्यं झाली. शेवटचं वाक्य 'ही लेफ्ट' असं दोनच शब्दांचं. हे लिहिताना फार वेळ लागला. मंजुषाताई खिडकीतून खाली भांड्याच्या दुकानाकडं बघत बसल्या होत्या. मी विचारलं, "बरोबर आहे का?" म्हणाल्या, "व्याकरण बरोबर आहे."

परत निघताना त्यांना म्हटलं, त्या दिवशी मी फार बोलले. त्या म्हणाल्या, "छोडो. माझ्याकडं येणारे सगळे आधी भांडतात. माणसाला आपलं लांबलचक आवडतं."

३ मार्च, सोमवार

सापडला! सत्यम सापडला!

औरंगपुऱ्यात क्लासवर होते, वॉर्ड मॅडमचा फोन आला. मंजुषाताईंनी स्पीकरवर टाकला. वॉर्ड मॅडम म्हणाल्या, "ही इज सेफ अँड वेल." एवढं मला कुणी सांगावं लागलं नाही. मी किंचाळले. नर्सा, सेल्समन पोरं, सगळी उठून उभी राहिली. वॉर्ड मॅडम पुढं बरंच बोलत होत्या, मंजुषाताई लिहून घेत होत्या. मी ऐकलंच नाही. खाली पळत आले, समोरच्या दुकानातून पेढे घेतले, रिक्षावाल्याला एक दिला, गल्लीत घरोघर दिले. सांगितलं की कामाच्या गडबडीत फोन हरवला होता त्याचा.

ह्यांना कंपनीत फोन केला. पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं कट झाला. मग कळलं की रडत आहेत.

आता फोन येईलच. चार्जिंग लावून ठेवलाय.

४ मार्च, मंगळवार

फोन आला नाही. दुपारी मंजुषाताई आल्या. पहिल्यांदाच घरी आल्या. हातात फॉल लावायची साडी होती, पण ती त्यांनी पिशवीतून बाहेरच काढली नाही.

"रत्नमालाताई, काल तुम्ही पुढचं ऐकलं नाही."

"काय पुढचं?"

त्यांनी कागद काढला. "पोलीस त्याला प्रत्यक्ष भेटले. तो बरा आहे, कुणाच्या दबावाखाली नाही. पण तो कुठं राहतो ते तुम्हाला सांगायला त्याची संमती नाही. कन्सेंट हा शब्द त्यांनी दोनदा वापरला."

"पोलिसांना सांगा, मी आई आहे."

"सांगितलं मी. त्या म्हणाल्या, तो ॲडल्ट आहे."

"म्हणजे सज्ञान, एवढं मला कळतं! सज्ञान झाला म्हणून आई मेली का त्याची?"

मंजुषाताईंनी कागदावरची पुढची ओळ बघितली. म्हणाल्या, "त्याला शोधायचा प्रयत्न करू नका असंही सांगितलंय. तुमचा एक निरोप मात्र त्या पोचवतील. एकच. मराठीत असला तरी चालेल. कागदाचा फोटो पाठवा, त्या छापून त्याच्या हातात देतील."

त्या गेल्यावर मी सगळी भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. कुणी त्याचे कान भरलेत? कोण आहे त्याच्याजवळ? मी काय केलं? त्याला उपाशी ठेवलं, मारलं, काय केलं मी?

५ मार्च, बुधवार

जोबिनला सकाळपासून लावत होते. दुपारनंतर रिंगच जाईना. अंगद म्हणाला, त्यानं ब्लॉक केलंय.

मग त्या गोदामाच्या ऑफिसात लावला. तो नंबरही माझ्याकडं होता. शिकलेलं सगळं वापरलं, एकेका शब्दाचं इंग्रजी, कुठं अडखळले नाही. पलीकडची बाई म्हणाली, सत्यमनं डिसेंबरमध्येच नोकरी सोडली.

डिसेंबरमध्ये. म्हणजे जानेवारीभर सुट्टीतला फोन तो कुठून करत होता? मी विचारायची, डबा खाल्ला का, आणि तो म्हणायचा, खाल्ला. मी म्हणायची, दाखव. तो रिकामा डबा दाखवायचा.

रिकामा डबा घेऊन पोरगं कुठल्या बाकड्यावर बसत असेल?

हे जेवताना म्हणाले, "आता बास कर."

६ मार्च, गुरुवार

निरोप लिहिला. सहा पानं. मंजुषाताईंकडं नेला. त्यांनी वाचला नाही. परत दिला.

"हा मी कापणार नाही. पोलिसांचं होतं ते वेगळं. हा तुमचा आहे."

"मग एवढाच पाठवू?"

"तुमची मर्जी. एक विचार करा. वाचून झाल्यावर त्याला काय करावं लागेल?"

"उत्तर द्यावं लागेल."

"आणि नाही द्यावंसं वाटलं तर?"

मला त्यांचा राग आला. पण पानं घेऊन घरी आले.

९ मार्च, रविवार

तीन दिवस तेच करतेय. लाल पेन आणलंय.

पहिल्या पानावर, कुठं आहेस? काय खातोस? कुणाबरोबर राहतोस? नोकरी का सोडलीस? दुसऱ्यावर, मी तुला काय कमी केलं? पप्पांना सांगतोस, मला का नाही? तिसऱ्यावर पोहण्याचं. शपथ का मोडलीस? चौथ्या पानावर गल्लीतले काय म्हणतात ते. पाचव्यावर माझी शुगर वाढलीय ते.

खोडत गेले. मंजुषाताई लांबलचकाचा एक शब्द करतात तसं करून बघितलं. 'तू आम्हाला न सांगता निघून गेल्यामुळं माझ्या जिवाची जी अवस्था झाली' याचा एक शब्द शोधत बसले. सापडला नाही, मग सगळंच खोडलं. शुगरचं खोडलं, कारण ती तशी फारशी वाढलेली नाही. आणि एक चमत्कारिक गोष्ट दिसली. खोडून खोडून जे उरतं त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतंच. त्याला लिहायचं एक वाक्य मला प्रश्नाशिवाय येईना. 'बरा आहेस ना' यातही प्रश्न. 'जेवत जा' याला प्रश्नचिन्ह नाही, पण त्याच्यामागं उभा आहेच, जेवतोस ना म्हणून.

आईनं विचारायचं नाही तर मग करायचं काय? विचारलं नाही तर त्याला वाटेल, आई विसरली.

ह्यांना विचारलं, तुम्ही काय लिहाल? हे वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "मी? मी लिव्हीन, पप्पा."

"नुसतं पप्पा?"

"त्याला कळंल की."

१० मार्च, सोमवार

पाठवला. अंगदनं फोटो काढला, मंजुषाताईंनी मेल केला. कागदावर एवढंच आहे:

'सत्यम, आम्ही दोघं बरे आहोत. तू बरा आहेस हे कळलं. तेवढं पुरे आहे. आई. पप्पा.'

पुरे नाही. तेवढं मुळीच पुरे नाही. पण तसं लिहिलं.

मंजुषाताईंनी वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या. म्हटलं, काही चुकलं का? त्या म्हणाल्या, "नाही. मला सुद्धा एवढं थोडक्यात जमलं नसतं."

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. गल्लीत रंग चाललाय. माझ्याकडं कुणी आलं नाही, दार लोटलेलं होतं. पिकोच्या तीन साड्या संपवल्या. दोनदा फोन हातात घेतला आणि जुन्या सवयीनं त्याचं नाव दाबलं. बंद.

ज्यांनी पेढे खाल्ले त्यांना आता काय सांगू, हा विचार गेले काही दिवस डोकं खात होता. आज नाही खाल्लं.

१८ मार्च, मंगळवार

वॉर्ड मॅडमचा फोन आला. घरी मी आणि हे दोघंच. मंजुषाताईंना बोलवावं असं मनात आलं, पण तेवढ्यात उचललाही होता. त्या सावकाश बोलल्या. मला सगळं कळलं. एकही शब्द सुटला नाही.

निरोप त्याच्या हातात दिला. त्यानं त्यांच्यासमोर वाचला. परत वाचला. मग घडी करून जाकिटाच्या खिशात ठेवला. उलट निरोप दिला नाही. त्यांनी विचारलं होतं त्याला, काही सांगायचंय का? तो आज नको म्हणाला.

मग मला म्हणाल्या, तुम्हाला काही विचारायचंय का?

शब्द जिभेवर होते. वाळलाय का, त्याला थिन. एकटाच होता का, त्याला अलोन. कपडे, केस, दाढी, डोळे, सगळ्याचं इंग्रजी येतं मला आता, एकेका शब्दात. त्यांनी त्याला डोळ्यांनी बघितलंय. मी विचारलं असतं तर बाई चांगली आहे, तिनं सांगितलं असतं.

मी म्हटलं, "नो. थँक यू."

त्या म्हणाल्या, "आर यू शुअर?"

"येस."

फोन ठेवला. हे समोर उभे होते, हात अर्धा वर केलेला तसाच. मी सगळं सांगितलं, घडीसकट, खिशासकट.

"आन् दिसतो कसा? ते नाय इचारलं?"

"नाही."

"तू?"

"नाही विचारलं."

ते माझ्याकडं बघत राहिले, नवीन बाई बघावी तसे. मग आत जाऊन त्यांनी स्वतः चहा टाकला. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज येत होते. साखर कुठं असते ते त्यांना माहीत नाही. मी सांगायला उठले नाही.

चहा बिनसाखरेचाच आला. दोघांनी प्यायला.